महापालिकेचं मैदान, तलाव, हॉल हवाय? अर्जाआधी हे वाचा

आमचं खो-खोचं छोटं मंडळ आहे आणि त्याचा पत्रव्यवहार माझ्याकडे असतो. सरावाला जागा, उन्हाळी शिबिर, वर्षातून एकदा स्पर्धा, एवढ्यासाठी पालिकेच्या कोणकोणत्या टेबलांसमोर उभं राहावं लागतं ते आता तोंडपाठ झालंय. नवीन मंडळांचे चिटणीस आणि मुलाला पोहायला घालू पाहणारे आईवडील मला पुन्हा पुन्हा तेच प्रश्न विचारतात. त्या सगळ्यांसाठी हे एकदा नीट लिहून काढतोय.

बहुतेकांची गाडी अडते ती एकाच ठिकाणी. जागा कोणाची, ती चालवतं कोण आणि भाडं ठरवतं कोण, ही तीन वेगवेगळी माणसं असू शकतात. हे कळण्याआधी केलेला अर्ज फिरत राहतो. म्हणून पहिल्या दोन पायऱ्यांवर मी जास्त वेळ घेणार आहे.

१. आधी मालक शोधा

मैदान शहरात आहे म्हणजे ते महापालिकेचंच असेल, असं समजू नका. पुण्यात सारसबागेजवळचं सणस मैदान महापालिकेचं. बालेवाडीचं शिवछत्रपती क्रीडासंकुल मात्र राज्य सरकारचं; ते १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभं राहिलं आणि राज्याच्या क्रीडा खात्याकडे आहे. तिथल्या ट्रॅकसाठी पुणे महापालिकेत अर्ज टाकून उपयोग नाही. मुंबईत दादरचं शिवाजी पार्क पालिकेचं, तर चर्चगेटचं ओव्हल मैदान सरकारी. ठाण्याचं दादोजी कोंडदेव स्टेडियम ठाणे महापालिकेचं. जिल्हा आणि तालुका क्रीडासंकुलं त्या त्या क्रीडासंकुल समितीकडे असतात, तिथे भेटायचं ते जिल्हा किंवा तालुका क्रीडा अधिकाऱ्याला. याशिवाय म्हाडाच्या वसाहतीतली मैदानं, सिडकोचे भूखंड, रेल्वेची मैदानं ही आणखी वेगळी दुनिया.

एकाच कुंपणाच्या आतही भानगड असते. शिवाजी पार्कचं मैदान पालिकेचं, पण कडेला जिमखाना आहे, व्यायाममंदिर आहे, आणि त्या जागांचा रोजचा कारभार त्या त्या संस्था पाहतात.

शोधायचं कसं? फाटकावरचा फलक वाचा, पण त्यावर विसंबू नका. अनेक फलकांवर उद्घाटकांची नावं ठळक आणि खात्याचं नाव बारीक असतं, किंवा नसतंच. शहराचा विकास आराखडा पाहा. बहुतेक महापालिकांनी तो संकेतस्थळावर टाकलेला आहे. त्यात भूखंडावर ‘खेळाचे मैदान’ किंवा ‘मनोरंजन मैदान’ असं आरक्षण दिसतं. मात्र आरक्षण म्हणजे मालकी नव्हे. जागा आरक्षित असते, पण पालिकेच्या ताब्यात आलेली नसते, असे भूखंड प्रत्येक शहरात सापडतील. खात्री करायची तर सिटी सर्व्हे कार्यालयातून मालमत्ता पत्रक काढा, गावठाणाबाहेर सातबारा. फी किरकोळ असते.

२. मग चालवणारा शोधा

पालिकेच्या जागा साधारण चार प्रकारे चालतात.

काही पालिका स्वतः चालवते. शिपाई, माळी, जीवरक्षक पालिकेच्या पगारावर किंवा कंत्राटावर, आणि पावती पालिकेची.

काहींसाठी पालिकेनेच स्वतंत्र संस्था काढलेली असते. अंधेरीचं शहाजीराजे भोसले क्रीडासंकुल आणि मुलुंडचं प्रियदर्शिनी क्रीडासंकुल बृहन्मुंबई क्रीडा व ललितकला प्रतिष्ठानकडे आहेत. तिथलं सभासदत्व, दर, नियम प्रतिष्ठान पाहतं. विभाग कार्यालयात विचारलंत तर तिकडेच पाठवतील.

तिसरा प्रकार निविदेचा. व्यायामशाळा, बॅडमिंटन हॉल, तरण तलाव ठराविक वर्षांसाठी ठेकेदाराला किंवा संस्थेला चालवायला देतात. चौथा प्रकार दत्तक मैदानांचा: देखभाल संस्थेने करायची, मालकी पालिकेची. मुंबईत यावर मोठा वाद झाला. जानेवारी २०१६ मध्ये पालिका सभागृहाने मंजूर केलेल्या दत्तक धोरणाला नागरिकांनी जोरदार विरोध केला आणि तत्कालीन मुख्यमंत्र्यांनी ते थांबवायला लावलं. नागरिकांची भीती अशी, की मैदान एकदा संस्थेकडे गेलं की फाटकाला कुलूप लागतं आणि आतली पोरं बदलतात.

तिसऱ्या आणि चौथ्या प्रकारात नवख्याला फसवणं सर्वात सोपं. काउंटरवरचा माणूस सांगेल तो दर, सांगेल ती वेळ. पण पालिकेशी झालेल्या करारनाम्यात सहसा कमाल शुल्क, सर्वसामान्यांसाठी खुल्या ठेवायच्या वेळा आणि देखभालीच्या अटी लिहिलेल्या असतात. तो करारनामा बघायला मागा. दाखवला नाही तर पायरी ८ वर जा. एका हॉलमध्ये आम्हाला संध्याकाळची वेळ ‘फक्त सभासदांसाठी’ म्हणून नाकारली होती. करारात तोच तास शालेय खेळाडूंसाठी राखीव निघाला. कागद पुढे ठेवल्यावर वाद झाला नाही. हॉल मिळाला.

३. हे पालिकेचं कर्तव्य आहे की मेहेरबानी?

कायद्याचा भाग कंटाळवाणा वाटेल, पण साहेबांसमोर बोलताना उपयोगी पडतो. मुंबईचा कायदा १८८८ चा, वेगळा. बाकीच्या महापालिकांना १९४९ चा महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम लागू आहे आणि नगरपालिकांना १९६५ चा. १९४९ च्या कायद्यात कलम ६३ मध्ये पालिकेची बंधनकारक कामं आहेत: रस्ते, सफाई, दिवाबत्ती वगैरे. मैदानं, तरण तलाव, खेळांचे सामने भरवणं ही कामं कलम ६६ मध्ये येतात, म्हणजे ऐच्छिक यादीत. ७४ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत उद्यानं आणि क्रीडांगणं नगरपालिकांच्या विषयांत घातली, पण खर्चाची सक्ती केली नाही.

याचा अर्थ असा, की ‘आम्हाला तलाव द्याच’ असं कायद्याच्या जोरावर म्हणता येत नाही. अंदाजपत्रकाला कात्री लागली की सगळ्यात आधी खेळाचा पैसा जातो, त्याचं कारणही हेच. दुसरी बाजू आपल्या फायद्याची आहे. एकदा सभागृहाने ठराव करून दर आणि नियम ठरवले, की ते सगळ्यांना सारखे. अमक्याला मैदान फुकट आणि तमक्याला पूर्ण भाडं, असं चालत नाही. म्हणून अर्जात भावनिक परिच्छेद लिहू नका, चालू दरपत्रकाचा संदर्भ द्या.

४. कुठलं टेबल?

एकाच जागेशी चार खाती संबंधित असतात. बांधकाम भवन विभागाने केलेलं, झाडं-हिरवळ उद्यान विभागाकडे, भाडेकरार मालमत्ता विभागाकडे, स्पर्धा आणि क्रीडा शिष्यवृत्ती क्रीडा विभागाकडे. पालिका शाळेचं पटांगण हवं असेल तर शिक्षण विभाग. पुण्यात रोजच्या कामाला क्षेत्रीय कार्यालय, ठाण्यात प्रभाग समिती, मुंबईत विभाग कार्यालय, ज्याला सगळे वॉर्ड ऑफिसच म्हणतात. छोट्या गावात काम सोपं: नगरपालिकेचे मुख्याधिकारी आणि त्यांच्या बाहेरचा लिपिक.

माझा सल्ला असा, की आधी मैदानावर जा. तिथला रखवालदार किंवा माळी दोन मिनिटांत सांगतो, की मागच्या स्पर्धेची परवानगी कोणाच्या सहीने आली होती.

५. कागदपत्रं

पोहणं, व्यायामशाळा, बॅडमिंटन अशा वैयक्तिक सभासदत्वासाठी साधारण हे लागतं:

- ओळखपत्र, राहण्याचा पुरावा, फोटो
- मुलांसाठी जन्मदाखला आणि पालकांचं संमतीपत्र
- तलावासाठी डॉक्टरांचा दाखला
- सवलत हवी असेल तर तिचा पुरावा: ज्येष्ठ नागरिक, दिव्यांग, विद्यार्थी, पालिका कर्मचारी

तलावाबद्दल आणखी थोडंसं. एप्रिल-मेच्या तुकड्यांसाठी मार्चमध्येच झुंबड उडते, त्यामुळे परीक्षा संपायची वाट पाहिलीत तर रिकामी मिळते ती भर दुपारची वेळ. तुकडी साधारण पाऊण तासाची असते आणि त्यातच अंघोळ-कपडे येतात. सुती चड्डी चालत नाही, नायलॉनचा पोशाख आणि टोपी लागते. महिलांची स्वतंत्र वेळ असते का, शिकाऊ मुलांना प्रशिक्षक पालिकेचा की खासगी, आणि खासगी असेल तर त्याची फी वेगळी का, हे पैसे भरण्याआधी विचारा. पाण्याच्या कडेला जीवरक्षक दिसत नसेल तर मूल आत सोडू नका, मग पावती कितीचीही फाडलेली असो.

मंडळाच्या नावाने अर्ज असेल तर:

- संस्थेचं नोंदणीपत्र (१८६० चा संस्था नोंदणी कायदा किंवा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालची नोंद)
- पदाधिकाऱ्यांची चालू यादी आणि अर्ज करायला अधिकार देणारा ठराव
- पॅन, रद्द केलेला धनादेश
- शेवटचा लेखापरीक्षण अहवाल
- जिल्हा संघटनेचं संलग्नतेचं पत्र
- स्पर्धेची कार्यक्रमपत्रिका आणि मैदानाचा हाताने काढलेला का होईना, पण मापं लिहिलेला नकाशा

मंडळ नोंदलेलं नसेल तर घाबरू नका. जिल्हा संघटना किंवा जवळच्या शाळेच्या पत्रावर अर्ज करता येतो. एक मात्र बघा: अनामत परत येते ती ज्याच्या नावावर भरली त्याच्याच खात्यात. शाळेच्या नावावर भरलीत तर नंतर मुख्याध्यापकांच्या मागे फिरावं लागेल.

६. अर्ज कसा लिहायचा

पूर्ण मैदान मागू नका. नव्या मंडळांनी हे लक्षात ठेवलं तर अर्धी कामं होतील. खो-खोचं मैदान २७ बाय १६ मीटरचं, पुरुषांच्या कबड्डीचं १३ बाय १०. भोवती राखीव पट्टी धरली तरी मोठ्या मैदानाचा एक कोपरा पुरतो. ‘सकाळी साडेसहा ते आठ, पूर्वेकडचा कोपरा, क्रिकेटच्या खेळपट्टीपासून लांब’ असा अर्ज आला की नकार द्यायला कारण उरत नाही. ‘मैदान उपलब्ध करून द्यावे’ असा आला, तर साहेब आधी क्रिकेटवाल्यांचा चेहरा आठवतात.

खो-खोवाल्यांनी खांब रोवण्याचा उल्लेख अर्जात करायलाच हवा. खड्डा खणणं म्हणजे मैदानाचं नुकसान, असा नियम अनेक ठिकाणी आहे. परवानगीपत्रात ‘दोन खांब, स्पर्धेनंतर खड्डे बुजवून’ असे शब्द आले पाहिजेत. मातीवरच्या कबड्डीवाल्यांनी माती टाकण्याबद्दल आणि ती नंतर उचलण्याबद्दल असंच लिहावं. मॅटवर खेळणार असाल तर ही कटकट वाचते.

तारखा दोन-तीन पर्यायी द्या. डिसेंबर ते मे हा स्पर्धांचा मोसम, त्यात शाळांची स्नेहसंमेलनं, प्रदर्शनं, सभा. निवडणुकीची आचारसंहिता लागली की नेत्यांच्या हस्ते बक्षीस समारंभ विसरा. मैदानच मतमोजणीसाठी किंवा सभेसाठी गेलेलं असू शकतं. पावसाळ्यात मागणी कमी असते, पण मैदानंही बंद ठेवतात.

अर्ज दोन प्रतींत. एक आवक-जावक खिडकीवर द्यायची, दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्यायचा. थेट साहेबांच्या हातात दिलेला अर्ज कितीही हसून घेतला तरी तो अर्ज नसतो. ऑनलाइन सोय असेल तर उत्तमच, पोचपावती जपून ठेवा. नगरसेवकांचं पत्र जोडायचं का, असं लोक विचारतात. जोडा, बिघडत काही नाही; पण फक्त पत्र नेऊ नका, आपला अर्ज स्वतंत्र हवा. आणि ‘मी करून देतो’ म्हणणारा मधला माणूस प्रत्येक कार्यालयाच्या चहाच्या टपरीवर असतो. त्याला चहा पाजा, पैसे देऊ नका.

७. परवानगी मिळाली, आता बाकीचे दाखले

मैदानाचं परवानगीपत्र म्हणजे स्पर्धेची परवानगी नव्हे. स्थानिक पोलीस ठाण्याचं ना-हरकत, ध्वनिक्षेपकाची वेगळी परवानगी, मंडप किंवा गॅलरी घालणार असाल तर अग्निशमन दलाचा दाखला, रस्त्यावर गर्दी होणार असेल तर वाहतूक पोलीस. फलक लावायचे असतील तर त्याचीही वेगळी परवानगी लागते. विनापरवाना फलकासाठी १९९५ च्या मालमत्ता विद्रूपीकरण कायद्याखाली गुन्हा दाखल होऊ शकतो. फलकावर चेहरा कुणाचाही असला तरी पोलीस चिटणीसाला फोन करतात.

रात्रीचे सामने ठेवणाऱ्यांनी ध्वनिप्रदूषण नियम, २००० वाचावेत. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं, पण ती सणा-उत्सवांसाठी. आपल्या अंतिम सामन्यासाठी कोणी देत नाही. निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्या भोवती १०० मीटर शांतता क्षेत्र असू शकतं. शिवाजी पार्क २०१० मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशाने शांतता क्षेत्र झालं. खेळाव्यतिरिक्तच्या कार्यक्रमांसाठी तिथे वर्षातले ४५ दिवसच ठरवून दिलेले आहेत, आणि त्यांची वाटणी आधीच झालेली असते.

रुग्णवाहिका आणि प्रथमोपचाराची सोय परवानगीच्या अटींत नसली तरी करा. घोटा मुरगळणं हे खो-खोत ठरलेलंच.

पैशाचं सांगायचं तर तीन रकमा वेगळ्या: भाडं, अनामत, आणि वीज-पाणी-सफाई. खेळासाठीचा दर आणि इतर कार्यक्रमांचा दर यांत मोठं अंतर असतं. प्रवेशाला तिकीट लावलंत किंवा प्रायोजकाचे फलक लावलेत तर पालिका तुम्हाला दुसऱ्या गटात टाकू शकते, म्हणून प्रायोजक असल्यास आधीच सांगून दर विचारा. कर वेगळा लागतो का, तेही. रोख कुणाच्या हातात नाही. चलन, ऑनलाइन किंवा धनाकर्ष (डिमांड ड्राफ्ट).

स्पर्धेच्या आदल्या दिवशी मैदानाचे फोटो काढा, तारखेसकट: कुंपण, नळ, दिवे, आधीचे खड्डे, सगळं. स्पर्धा संपल्यावर पुन्हा. अनामतीची फाइल पाहणी अहवालावर चालते. कनिष्ठ अभियंता किंवा उद्यान सहायक ‘नुकसान नाही’ असं लिहून देतो, मग ती लेखा विभागात जाते, मग धनादेश. पाहणीसाठी त्या माणसाला दुसऱ्याच दिवशी बोलवा. आठवडा गेला की मधे कुणाच्या लग्नाचा मंडप पडलेला असतो आणि त्याचे खड्डे तुमच्या नावावर येतात.

८. काम अडलं तर

आधी लेखी स्मरणपत्र, मूळ आवक क्रमांक घालून. मग वरचा अधिकारी: सहायक आयुक्त, उपायुक्त. महापालिकेच्या तक्रार प्रणालीवर आणि आपले सरकार संकेतस्थळावर तक्रार नोंदवता येते. ठरलेल्या मुदतीत सेवा देण्याचा २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आहे, पण तो अधिसूचित सेवांनाच लागू होतो. तुमच्या पालिकेच्या यादीत मैदानाची परवानगी आहे का, ते बघून मगच त्याचं नाव घ्या.

माहितीचा अधिकार हे सगळ्यात धारदार हत्यार. १० रुपये शुल्क, ३० दिवसांत उत्तर. उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर ३० दिवसांत पहिलं अपील, त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं. अर्जात ‘आमचं काम का झालं नाही’ असं विचारू नका, कारण ‘का’ला उत्तर देण्याचं बंधन नाही. कागद मागा: अमुक मैदानाच्या करारनाम्याची प्रत, चालू दरपत्रक मंजूर करणारा ठराव, गेल्या वर्षभरात दिलेल्या परवानग्यांची यादी, आमच्या अर्जाच्या फाइलवरच्या टिपणीची प्रत. शेवटचा कागद मागितला की अनेकदा परवानगीच आधी येते.

९. नवीन सोय हवी असेल तर

वस्तीत मैदानच नाही, किंवा आहे त्याला दिवे नाहीत, तर हा परवानगीचा नाही, अंदाजपत्रकाचा विषय आहे. आयुक्त साधारण जानेवारी-फेब्रुवारीत अंदाजपत्रक स्थायी समितीपुढे मांडतात, पुढे ते सर्वसाधारण सभेत जातं. तेव्हा जागे होऊन उपयोग नाही, आकडे आधीच बसलेले असतात. पुण्यात २००६ पासून नागरिकांकडून अंदाजपत्रकासाठी सूचना मागवण्याची पद्धत आहे. छोटी कामं त्यात बसतात आणि अर्ज पावसाळ्याच्या सुमारास द्यावे लागतात. इतर शहरांत नगरसेवकांचा वॉर्ड निधी हा मार्ग. मागणी जितकी लहान आणि मोजता येणारी, तितकी पुढे सरकते. ‘क्रीडासंकुल हवे’ यापेक्षा ‘चार खांब, आठ दिवे, एक नळ’.

इमारतीच्या मागे लागणाऱ्यांना एक सांगावंसं वाटतं. २९ फेब्रुवारी १९९६ ला केनियाने विश्वचषकात वेस्ट इंडीजला ९३ धावांत गुंडाळलं ते पुण्याचं नेहरू स्टेडियम महापालिकेचंच. पुढे आंतरराष्ट्रीय क्रिकेट राज्य संघटनेच्या गहुंज्याच्या मैदानावर गेलं. वास्तू बांधायला पैसा एकदाच मंजूर होतो. रोज पाणी मारणारा, चुना आखणारा, संध्याकाळी फाटक उघडणारा माणूस दर वर्षी मंजूर करून घ्यावा लागतो. म्हणून मागणीपत्रात देखभालीचं पद, त्याचा वार्षिक खर्च आणि ते कोणत्या लेखाशीर्षात (अंदाजपत्रकातल्या खर्चाच्या सदरात) बसेल, हे लिहा. लेखाशीर्ष क्रीडा विभागाच्या छापील अंदाजपत्रकात सापडतं, आणि अंदाजपत्रक संकेतस्थळावर असतं. मागच्या वर्षी त्या शीर्षात तरतूद किती होती आणि खर्च किती झाला, हे दोन्ही आकडे शेजारी मांडून पत्राला जोडा. पैसा न वापरता परत गेलेला असेल, तर ‘निधी नाही’ असं पालिकेला म्हणता येणार नाही.